क्लचचा गुडघा

माझ्या वडिलांना दोन गुडघे होते, पण आमच्या घरात बोललं जायचं ते फक्त डाव्याबद्दल. उजवा पाय ब्रेकवर आणि ॲक्सिलरेटरवर असायचा. त्याने कधी कुरकुर केली नाही, म्हणून त्याची कुणी विचारपूसही केली नाही. डावा क्लचचा होता. बाबा लाल गाडीवर ड्रायव्हर होते आणि नाशिक ते सुरगाणा हा त्यांचा रस्ता. घाटात वळणावळणाला गिअर बदलायचा, म्हणजे वळणावळणाला क्लच दाबायचा. अकरा वर्षं असं दाबून घेतल्यावर डाव्या गुडघ्याने एका हिवाळ्यात जाहीर केलं की आता पुरे.

जाहीर केलं म्हणजे सुजला. नव्वदच्या दशकाच्या मधलं ते वर्ष. आधी तो संध्याकाळी सुजायचा आणि सकाळी उतरायचा, मग सकाळीही उतरेना. आम्ही नाशिक रोडला पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. बाबा जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय ठेवायला लागले तेव्हा आईच्या लक्षात आलं. त्याआधी पंधरा दिवस त्यांनी ते लपवून ठेवलं होतं, आणि लपवायला कारणही होतं. मार्चमध्ये ड्रायव्हर लोकांची डॉक्टरी तपासणी होती. त्यात गुडघा नापास झाला असता तर त्यांना गाडीवरून उतरवून हलक्या कामावर बसवलं असतं. हलकं काम म्हणजे डेपोच्या फाटकाशी खुर्ची टाकायची आणि आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायची. नोकरी शाबूत राहणार होती, पगारही चालू राहणार होता. पण बाबांना ते नुसतं ऐकूनच ताप यायचा.

"दुसऱ्याच्या गाड्यांना टाटा करायला ड्रायव्हर झालो का मी?" ते म्हणायचे.

त्यांचं खरं होतं. त्या रस्त्यावर त्यांना नुसते थांबे माहीत नव्हते, थांब्यावरची माणसं माहीत होती. कुणाची सून बाळंतपणाला आली आहे, कोण नागलीचं पोतं घेऊन चढणार आहे, कोण बाजाराच्या दिवशी पाच मिनिटं उशिरा येतं आणि त्याच्यासाठी पुढच्या वळणावर गाडी हळू करायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. गाडी सुटली तर त्यांचं गाव सुटणार होतं, आणि ते गाव साधारण शंभर किलोमीटर लांब होतं.

डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळी घेतली की गुडघा थंड व्हायचा आणि पोटात आग पडायची. दोन आठवड्यांत बाबांनी गोळ्या सोडल्या आणि आमच्या घरात झाडपाल्याचं राज्य सुरू झालं.

याला जबाबदार बाबांचे कंडक्टर. त्यांना मी काका म्हणायचे. काकांच्या पोटात तिकिटांखेरीज काही राहत नसे. त्यांनी वणीपासून पुढे प्रत्येक प्रवाशाला सांगितलं की ड्रायव्हरसाहेबांचा गुडघा सुजलाय, तपासणी जवळ आलीय, काही माहीत असेल तर बोला. आता आपल्याकडे एखाद्याला वाट विचारली तर तो कदाचित माहीत नाही म्हणेल, पण औषध विचारलं तर असं म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. आठ दिवसांत ड्रायव्हरच्या सीटमागे एक पिशवी टांगली गेली आणि गाडी थांबेल तिथे तिच्यात काहीतरी पडू लागलं. वणीला एक शेतकरी निर्गुडीचे फाटे टाकायचा. पुढे कुणी एरंडाची पानं, कुणी रुईची. एका शाळामास्तरांनी आंबेहळदीची गाठ दिली आणि ती कशी उगाळायची याचा तास गाडीतच घेतला. एकाने घोरपडीचं तेल आणून देतो म्हटलं, तेव्हा बाबांनी एवढंच सांगितलं की आपलं खातं सध्या पाल्यापुरतंच आहे.

ही पिशवी घरी यायची ती आईपुढे. आईचा स्वभाव असा की कुणी मायेने दिलेलं वाया घालवायचं नाही. त्यामुळे ती सगळंच वापरायची, आणि बहुतेक वेळा एकदम. निर्गुडी तव्यावर गरम करून बांधायची, त्याखाली आंबेहळदीचा लेप, वर एरंडाचं पान, आणि हे सगळं जागेवर राहावं म्हणून जुन्या सुती साडीची पट्टी. बाबा घरात चालले की पाल्याचा वास त्यांच्या पुढे चालायचा. खाकी पँटला डाव्या गुडघ्यावर पिवळा गोल पडला, तो कोणत्याही साबणाने जाईना. डेपोतले लोक विचारायचे, काय साहेब, एकाच पायाला हळद लागली का.

मी त्या वेळी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र. त्या वयात माणसाला विषय जेवढा येतो त्याच्या दसपट तो आपल्याला येतो असं वाटत असतं, आणि मी तर वर्गातही पुढच्या बाकावर बसायचे. सबंध बस एका गुडघ्याची चिकित्सा करते आहे आणि घरात एवढी शिकलेली मुलगी असताना तिला कुणी विचारत नाही, हे मला सहन होईना. एका संध्याकाळी आई लेप लावत असताना मी व्याख्यान सुरू केलं. म्हटलं, सूज हा रोग नाही. लग्नघरात एका भांड्याचा आवाज झाला म्हणून सगळे पाहुणे एकदम स्वयंपाकघरात शिरावेत, तसं शरीर दुखऱ्या जागी धावून जातं, मदतीलाच जातं, आणि गर्दी करून बसतं. काही झाडांत अशी द्रव्यं असतात की ती ही गर्दी थोडी पांगवू शकतात. हळदीत तसं पिवळं द्रव्य आहे. पण ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं, म्हणून तुझा पाण्यातला लेप अशास्त्रीय आहे.

आईने लेप लावणं थांबवलं नाही. "मग गेली वीस वर्षं फोडणीला तेलातच टाकतेय ना मी हळद," ती म्हणाली. "मला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही."

बाबा इतके हसले की पट्टी सुटली. मी चिडले. माझं चिडणं घरात प्रसिद्ध होतं आणि अजून आहे.

त्या चिडण्यातून पहिला प्रयोग झाला. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की डोकेदुखीची जगातली सगळ्यात प्रसिद्ध गोळी मूळ वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या सालीवरून सुचली. वाळुंज गोदावरीच्या काठाला वाढतं, आणि माझे मामा सायखेड्याला नदीच्या काठावरच राहायचे. मी रविवारी गेले आणि पिशवीभर साल काढून आणली. मामांनी विचारलं, खाट विणायचीय का. घरी येऊन मी ती साल उकळली, आटवली, गाळली. जो काढा झाला तो इतका कडू होता की मी जिभेला टेकवून पाहिला आणि नंतर जेवणात गूळही कडू लागला. बाबांना रोज सकाळी एक कप दिला. ते कप घेऊन गॅलरीत जायचे, रिकामा कप घेऊन आत यायचे आणि म्हणायचे, बरं वाटतंय.

आठव्या दिवशी गॅलरीतल्या जास्वंदीची पानं गळायला लागली. मी कुंडीतली माती हुंगली आणि सगळं समजलं.

मी काय तमाशा केला ते सांगायला मला आता लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, या घरात बसमधल्या अनोळखी माणसाच्या पाल्याला किंमत आहे, मला नाही. रसायनशास्त्र गेलं चुलीत, मी टायपिंगचा क्लास लावते. आणि खरोखर आठ दिवस कॉलेजला गेले नाही. प्रॅक्टिकलही बुडवलं. आई म्हणाली, नाटकं पुरे. नवव्या दिवशी मी कंटाळून आपणहून गेले, पण वही-पुस्तकाला हात लावायची ती जुनी हौस राहिली नाही, हे बाबांनी पाहिलं असावं.

मार्च जवळ आला. गुडघा कधी बरा वाटायचा, कधी वैर धरायचा. निर्गुडीच्या शेकाने दुखणं कमी व्हायचं, हे बाबा प्रामाणिकपणे सांगायचे. पण सुरगाण्याची एक फेरी झाली की सूज परत हजर. तपासणीला बारा-तेरा दिवस उरले असताना पिशवीत बिब्बे आले.

ज्यांनी बिब्बा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. काळं, चपटं, बदामाएवढं फळ असतं. त्याच्या सालीत काळपट तेल असतं. धोबी त्याने कपड्यांवर खुणा करायचे. ती खूण कापड फाटेपर्यंत जात नाही. हेच तेल कातडीवर आलं तर कातडी उतते, म्हणजे फोड येऊन भाजल्यासारखी होते. एखाद्याच्या कामात बिब्बा घालणे म्हणतात, ते या गुणामुळेच असावं. आणि तरीही सुरगाण्याकडच्या डोंगरात सांधेदुखीवर तो वापरतात, कारण वापरणाऱ्याला माहीत असतं किती वापरायचा.

बिब्बे दिले होते एका म्हाताऱ्या बाईने. ती दर आठवड्याला बाजाराला त्याच गाडीने यायची, बाबा तिला मावशी म्हणायचे. तिने बाबांना दोनदा बजावलं आणि काकांकडूनही निरोप पाठवला. तो निरोप काकांनी आमच्या दारात उभं राहून तिच्याच शब्दांत सांगितला. "सुई दिव्यावर तापवायची, बिब्ब्यात खुपसायची. सुईच्या टोकाला लागंल तेवढंच त्याल. गुडघ्याच्या भवताली सात ठिपके, सुजेवर नाय. आधी खोबरेल चोळायचं. लय नको. लय लावशील तर मला बोल नको लावू."

आईने हात जोडले. तिने लहानपणी बिब्बा उतलेला माणूस पाहिला होता. ती म्हणाली, हे आपल्या घरात नको, आणि बिब्बे कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले.

मी ते काढले. माझी विचारसरणी अशी होती: सुईच्या टोकाएवढ्या तेलाने जर थोडा गुण येत असेल, तर त्यातलं कामाचं द्रव्य वेगळं काढून आटवलं की भरपूर गुण येईल. सात ठिपके, सुजेवर नाही, वगैरे सगळी अंधश्रद्धा. आज मी विद्यार्थ्यांना हीच गोष्ट उलटी शिकवते. झाड ही द्रव्यं आपल्या गुडघ्यासाठी तयार करत नाही. त्याला किडे, बुरशी आणि गुरंढोरं लांब ठेवायची असतात, म्हणून करतं. त्यातला किती भाग आपल्या कामाचा आणि किती आपल्यालाच किडा समजून हाकलणारा, हे मात्रेवर ठरतं. मावशीला हे ठाऊक होतं. ते ठिपक्यांत मोजलेलं होतं, मला ग्रॅममध्ये हवं होतं.

अडकित्त्याने बिब्बे फोडले, हातांना दुधाच्या पिशव्या बांधून. बाटलीत स्पिरिट घालून आठवडाभर ठेवले. मग गाळून उघड्या बशीत गच्चीवर उन्हात ठेवलं. खाली उरलं ते काकवीसारखं दाट, काळं. पिशव्या घालूनही माझ्या नाकाखाली कुठूनतरी एक थेंब लागला आणि दुसऱ्या दिवशी तिथे मिशीसारखा पट्टा उमटला. मी मैत्रिणींना सांगितलं, उष्णता झालीय. एवढ्यावर कोणताही शहाणा माणूस थांबला असता. मी त्यातून निष्कर्ष काढला की अर्क जोरदार झालाय, फक्त त्यात खोबरेल मिसळायला हवं. मिसळलं, एक चमचा.

तपासणी गुरुवारी होती. आधीच्या रविवारी बाबांची सुट्टी होती आणि आई दुपारी शेजारी पापड लाटायला गेली होती. मी बाबांना पलंगावर बसवलं, वही उघडली, आणि काढ्याची आठवण असल्यामुळे समोर खुर्ची टाकून बसले. म्हटलं, या वेळी गॅलरीत जायचं नाही.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"अर्क आहे," मी म्हटलं. "मी काढलाय."

कशाचा, ते त्यांनी विचारलं नाही. मी कापसाच्या बोळ्याने गुडघाभर अर्क लावला, बरोबर सुजेवर, वर निर्गुडीची पानं ठेवली आणि पट्टी बांधली. दर दहा मिनिटांनी मी विचारायचे, काय वाटतंय. बाबा म्हणायचे, गार वाटतंय. मी लिहायचे: गार. तासाभराने मी समाधानाने उठले, संध्याकाळच्या चहापर्यंत पट्टी सोडायची नाही असं बजावलं आणि मैत्रिणीकडे गेले. तिलाही सांगितलं, आता एक शोध लागायच्या बेतात आहे.

शोध संध्याकाळी लागला. आईने पट्टी सोडली तेव्हा मी नुकतीच परत येत होते आणि जिन्यातच तिचा आवाज ऐकला. गुडघा लालभडक झाला होता आणि फोड उठायला लागले होते. सकाळपर्यंत तर गुडघा कुठे संपतो आणि पोटरी कुठे सुरू होते तेच कळेना. बिब्बा उतला होता, आणि चमच्याने उतला होता. आईने खोबरं वाटून लावलं, तूप लावलं, आणि लावताना मला जे बोलली ते मी माझ्या मुलांनाही कधी बोलले नाही. मी कोपऱ्यात उभी राहून रडत होते. बाबांची गाडी मी घालवली होती. गुडघा आधी नुसता संशयित होता. आता तो लांबून दिसत होता.

"आटवायला नको होतं बहुतेक," बाबा म्हणाले. तेवढंच.

सोमवारी ते कामावर जाऊ शकले नाहीत. काकांनी ही बातमी सुरगाण्यापर्यंत पोचवली, अर्थातच. पुढच्या फेरीला मावशीचा निरोप आला: "पोरीला सांग, तू शिकलीस ते वाचायला शिकलीस. ऐकायला कवा शिकणार?" हा निरोप काकांनी सगळ्या बसला ऐकवूनच आणला होता.

गुरुवारी बाबा लंगडत तपासणीला गेले. मी बरोबर गेले नाही, माझी हिंमत नव्हती. पुढचं बाबांकडून ऐकलेलं आहे. डॉक्टरने पँट वर करायला सांगितली आणि गुडघा पाहून चष्मा काढला.

"हे काय?"

"चहा सांडला, साहेब."

"किती जणांचा?"

बाबा म्हणाले, पातेलंच पडलं. डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं, वास घेतला. निर्गुडी, खोबरं, तूप आणि आंबेहळद यांचा तो चहा त्यांना पटला नसावा. पण भाजलेल्या पायाची वाकवून-मोडून तपासणी करता येणार नव्हती. त्यांनी लिहून दिलं की जखम भरेपर्यंत विश्रांती, तीन आठवड्यांनी परत या.

अकरा वर्षांत बाबांनी सलग तीन आठवडे घरी काढले नव्हते. आता ते पलंगावर पाय लांब करून बसले, पेपर वाचू लागले, जास्वंदीला पाणी घालू लागले. फोड सुकले, खपल्या पडल्या. आणि खपल्यांच्या खालून जो गुडघा निघाला तो आईने बोटाने दाबून दाबून पाहिला. त्याला वाटी दिसत होती. सूज नव्हती. एकवीस दिवस त्या पायाने क्लच दाबला नव्हता, एवढंच काय ते औषध झालं होतं. तपासणीत डॉक्टरने गुडघा तीनदा वाकवला, बाबांना उठा-बशा काढायला लावल्या आणि सही केली.

पुढे श्रेय कुणाचं यावरून जे झालं ते निवडणुकीत होत नाही. आई म्हणायची निर्गुडी. काका म्हणायचे पिशवी, म्हणजे ते स्वतः. मास्तर म्हणायचे आंबेहळद, पण नीट उगाळलेली. मावशी म्हणायची, बिब्बाच लागला, फक्त पोरीने वाट वाकडी केली. मीही हळूच म्हणून पाहिलं की शेवटी माझ्या अर्कामुळेच रजा मिळाली ना. आईने उलथनं उचललं, तेव्हा मी विषय बदलला. बाबा कुणालाच खोटं ठरवत नव्हते. सुट्टीच्या दिवशी सकाळी मात्र ते निमूटपणे निर्गुडी शेकून घ्यायचे, आणि घाटात गिअर बदलणं त्यांनी इतकं कमी केलं की काका म्हणायचे, साहेब आता गाडी क्लचवर नाही, अंदाजावर चालवतात. ते निवृत्त होईपर्यंत सुरगाण्याच्याच रस्त्यावर राहिले.

मी रसायनशास्त्र सोडलं नाही. उलट त्याच्या नादी कायमची लागले. मावशीच्या त्या निरोपाचा राग मला वर्षभर होता, आणि राग उतरल्यावर तोच माझा विषय झाला. एम.एस्सी. केली आणि दोन हजारनंतरच्या वर्षांत निर्गुडीच्या पानांवर पीएच.डी. करायला घेतली. काम असं असायचं: उंदराच्या पंजाला सूज आणायची, पानाचा अर्क द्यायचा आणि सूज किती उतरते ते मोजायचं. थोडी उतरायची. किती उतरते ते पान कधी तोडलं, कसं सुकवलं, कशात काढलं यावर ठरायचं. उंदरावर उतरली म्हणजे माणसावर उतरेलच असं म्हणता येत नाही, हे प्रबंधात इतक्या वेळा लिहावं लागलं की आईने विचारलं, मग नक्की कळलं काय तुला. मी म्हटलं, झाडात काहीतरी असतं, आणि आपल्याला त्याच्याविषयी वाटतं त्याहून कमी कळतं. ती म्हणाली, एवढ्यासाठी पाच वर्षं?

प्रबंध मंजूर झाला त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी गेले. बाबा निवृत्त होऊन तीनेक वर्षं झाली होती. गुडघे दोन्ही तसे बरे होते, आणि डाव्यावर बिब्ब्याचा फिकट डाग होता. मी जरा रंगात होते. सांगत बसले की मी आता कॉलेजात शिकवते तेव्हा मुलांना बिब्ब्याचं उदाहरण देते, नावगाव न सांगता. सांगते की बिब्ब्याचं तेल फसवं असतं. लावल्यावर चार-पाच तास काहीच जाणवत नाही, उलट गार वाटतं, आणि मग एकदम उततं. हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे, वहीत दर दहा मिनिटांनी नोंदवलेलं आहे.

आई पेढा खाता खाता थांबली. "कोण म्हणालं गार वाटतं?"

"बाबा."

"अगं, पंधरा मिनिटांत आग सुरू झाली होती त्यांना. तू मैत्रिणीकडे गेलीस आणि मी पापड टाकून घरी आले, तर हे उशीचं टोक दातात धरून बसलेले. मी म्हटलं सोडते पट्टी, पुसून टाका. सोडू देईनात. म्हणे, पोरीने चहापर्यंत सांगितलंय."

मी बाबांकडे पाहिलं. ते पेढ्याच्या बॉक्सची दोरी गुंडाळत होते. म्हणजे मी समोर बसले होते तो सबंध तास, मी "गार" लिहीत होते तो सबंध तास, पाय जळत होता. आणि इतकी वर्षं मी वर्गामागून वर्गाला खोटं शिकवत होते. पण ते नंतर सुचलं. आधी सुचला तो गुरुवार.

"बाबा, चार दिवसांवर तपासणी होती," मी म्हटलं. "गाडी गेली असती तुमची."

"गाडी काय, दुसऱ्याने चालवली असती," ते म्हणाले. "काढा मी कुंडीत ओतला तेव्हा तू आठ दिवस कॉलेजला गेली नव्हतीस. म्हटलं, आता हेही पुसून टाकलं, तर ही पोर परत जायची नाही."

एवढी मोठी झाले होते, नावापुढे डॉक्टर लागलं होतं, आणि मी तिथेच फरशीवर त्यांच्या पायाशी बसून रडले. आई म्हणाली, आता डोळे पूस, पेढे खारट होतील. मग मी विचारलं, जे मला त्या दुपारी विचारायचंच होतं आणि ज्याचं उत्तर मी चुकीचं लिहून घेतलं होतं. किती आग होत होती?

"लय," बाबा म्हणाले.